‘गेर्निका’ची पेन्सिल रेखाटनं: बघायची कशी, गिरवायची कशी

‘गेर्निका’ म्हटलं की साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब असं ते काळं-करडं चित्रच डोळ्यांपुढे येतं. रेखाटन शिकायला येणाऱ्यांना मी मात्र आधी त्याच्यासाठी पिकासोने केलेली पेन्सिलची कामं बघायला लावते. मोठ्या चित्रात प्रत्येक आकार जागच्या जागी बसलेला आहे. पेन्सिलच्या कामात हात अजून शोधतोय, आणि शिकायचं असतं ते तिथेच.

सुरुवात तारखांपासून करा. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. जर्मन आणि इटालियन विमानांनी उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातलं गेर्निका गाव बाँब टाकून जाळलं. पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये होता. तिथल्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारचं दालन होतं आणि त्यासाठीचं मोठं चित्र जानेवारीपासून त्याच्याकडे सोपवलेलं होतं. गेर्निकाचं पहिलं रेखाटन झालं १ मे रोजी. त्याने कामांवर तारखा घातल्यात, त्यामुळे माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून ती क्रमाने लावून घेता येतात. क्रम मोडू नका. सुटं सुटं पाहिलं तर निम्मं हातचं जातं.

पहिलं रेखाटन निळ्या कागदावर आहे, ए४पेक्षा किंचित लहान. रेघा मोजक्या आणि घाईच्या. तरी बैल, घोडा आणि खिडकीतून दिवा पुढे धरणारी बाई, तिघंही त्यात आलेत आणि शेवटपर्यंत टिकलेत. त्याच दिवशी त्याने एक घोडा अगदी लहान मुलाच्या हाताने काढल्यासारखा काढलाय. तो बघून पुढे जाऊ नका. ज्याला लहानपणापासून हुबेहूब काढता येत होतं, तो इथे आपलं कसब बाजूला ठेवून काहीतरी शोधतोय. मला हे फार धीराचं वाटतं.

आता २ मेचं घोड्याचं डोकं. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

ए४ कागद आणि ४बी (मऊ, गडद) पेन्सिल घ्या, खोडरबर दूर ठेवा. लगेच काढायला लागू नका. पेन्सिल कागदाला न टेकवता हात रेघांवरून फिरवा. कुठे रेघ वेगात गेलीय, कुठे पेन्सिल जोरात रुतलीय, ते मनगटाला आधी कळतं. मग काढा, पण बाहेरची कड आधी नको. उघड्या तोंडापासून सुरू करा, म्हणजे दात आणि ती टोकदार जीभ. एकदा मुद्दाम जीभ खऱ्या घोड्यासारखी रुंद आणि गोल काढून बघा. वेदना तिथल्या तिथे ओसरते, घोडा नुसता जांभई देतोय असं वाटतं. मग शेजारीच सुरीच्या पात्यासारखी काढा. ही दोन डोकी शेजारी ठेवली की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बोटाने घासून छटा मऊ करायचा मोह होईल. करू नका. रेघेची धार गेली की किंकाळीही गेली.

पुढे ८ मेच्या कागदावर मेलेलं मूल घेतलेली आई येते, ९ मेला तीच शिडीवर दिसते. आईची मान काढताना सुबक वळण देऊ नका, ती मागे ताणू द्या. शरीररचनेत बसेना, तरी चालेल.

प्रत्येक टप्प्यावर एका वहीत दोनच गोष्टी टिपा: नवीन काय आलं, काय गेलं. १ मेच्या एका रेखाटनात घोड्याच्या जखमेतून पंखांचा चिमुकला घोडा बाहेर पडतो. तो पुढे नाही. शिडीही मोठ्या चित्रात आईच्या पायाखाली राहिलेली नाही. दोन्हींत सुटकेची वाट होती, आणि ती त्याने काढून टाकली असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटलं तर तेही लिहा, फक्त कोणत्या तारखेच्या कोणत्या रेघेवरून वाटलं ते शेजारी लिहा.

मोठं चित्र यानंतर उघडा, आणि बैलाच्या आधी घोड्याच्या तोंडाकडे जा.