मॅसॅच्युसेट्समधलं जुनं घराणं शोधताना आधी मृत्युपत्र, मग लग्न

सतराव्या शतकात इंग्लंडहून येऊन मॅसॅच्युसेट्समध्ये वसलेल्या घराण्याचा माग काढायला बसलं की हात आधी लग्नाच्या नोंदीकडे जातो. तिथे मिळतात दोन नावं आणि एक तारीख. प्रोबेटच्या, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेचा निकाल लावणाऱ्या कोर्टाच्या, कागदांत मात्र अख्खं घर सापडतं, म्हणून सुरुवात तिथून करा.

त्याआधी गाव त्या वर्षी कोणत्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, होतं ते बघा. आज वूस्टर काउंटीत असलेलं लँकेस्टर गाव १६५३ चं, पण ती काउंटी झाली १७३१ साली. त्याआधीचे कागद मिडलसेक्सच्या दप्तरात. चुकीच्या दप्तरात शोधत बसलात तर माणूस जन्मलाच नव्हता असं वाटेल.

पहिली पायरी प्रोबेट. मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, वाटणी, अज्ञान मुलांचे पालक, सगळं उतरवून घ्या. मृत्युपत्र नसेल तर वाटणीचा कागद अधिक बोलतो: थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा मिळायचा, त्यामुळे थोरला कोण ते कळतं. नात्यांचे शब्द मात्र जपून वाचा. ‘सन’ म्हणजे जावईही असू शकतो, आणि ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे कधी कधी सावत्र आई. नावापुढे ‘ज्युनियर’ दिसलं म्हणून बाप-लेक जोडू नका. गावात त्याच नावाचा वयाने मोठा कुणी असला तरी पुरे.

दुसरी पायरी जमीन, आणि माझ्या मते खरी मजा इथेच. विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची सूची वेगवेगळी असते, दोन्ही चाळा. बाप गेल्यावर दहा-वीस वर्षांनी भावंडं एकाला हक्कसोड करून देतात, आणि त्यात लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट येतात. लग्नाची नोंद हरवलेली मुलगी इथे भेटते. विधवेचा जमिनीत तिसरा हिस्सा असे, म्हणून नवरा जमीन विकताना बायकोही हक्क सोडायची. समजा एका खतावर खाली ‘मेरी’ची निशाणी आहे आणि सहा वर्षांनंतरच्या खतावर ‘सारा’ची. मधल्या काळात पहिली वारली आणि दुसरं लग्न झालं, हे धरून शोधा. चतु:सीमाही वाचा. शेजारचा वावरवाला पुष्कळदा मेहुणा निघतो.

आता लग्न. गावोगावच्या १८५० पर्यंतच्या नोंदींची छापील पुस्तकं आहेत, पण ती आद्याक्षरांनी लावलेली; मूळ पानाचं छायाचित्र बघितल्याशिवाय तारीख मान्य करू नका. लग्नाच्या इराद्याची नोंद म्हणजे लग्न नव्हे. आणि १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. लग्न एप्रिल १६६० चं, मूल फेब्रुवारी १६६० चं दिसलं तर गावभर बोभाटा करू नका. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६६१ चा, लग्नानंतर दहा महिन्यांनी.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर यातलं बरंच फुकट बघता येतं. जे मिळेल ते तारखेनुसार एकाच कागदावर मांडा, आणि प्रत्येक ओळीसमोर दप्तराचा खंड व पान लिहा.