डर्ट जंप सायकलचा चिमटा: कधी खोलायचा, कधी बदलायचा

चवथ झाली, पाऊस ओसरू लागला की आमच्या डिचोलीची पोरं फावडी घेऊन सायकल उडवायचे मातीचे जंप घालायला बाहेर पडतात. तांबडी माती अजून ओलसर असते, थापली की घट्ट बसते. त्याच सुमारास माझ्याकडे चिमटे, म्हणजे पुढचं चाक धरणारे शॉकरवाले फोर्क, यायला लागतात. "काका, शॉकर गेला, नवा घेऊ?" थांब रे बाबा, आधी बघू. पावसाळाभर पडवीत उभ्या राहिलेल्या सायकलचा चिमटा बहुधा मेलेला नसतो. नळीभोवतीचे रबरी सील सुकलेले असतात आणि आत लाल धूळ गेलेली असते.

खटखट कुठून येते ते पहिल्यांदा शोधा. नेहमीची रीत म्हणजे पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची, पण डर्ट जंपच्या सायकलला पुढचा ब्रेक बऱ्याचदा नसतोच. तेव्हा चाक भिंतीला टेकवा आणि हँडल ढकला, ओढा. दुसऱ्या हाताची बोटं फ्रेम आणि चिमट्याचा खांदा (दोन्ही पाय वर जोडणारा भाग) जिथे मिळतात तिथे ठेवा. तिथे हालचाल लागली तर दोष हेडसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगांचा: सैल तरी आहे किंवा बेअरिंग गंजलंय. खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या सायकलींना हे नेहमीचंच. मग बोटं सीलवर आणा, चकचकीत नळी खालच्या पायात शिरते त्या जागी. किंचित हालचाल नव्या चिमट्यातही असते. हाताला स्पष्ट ठोका लागला तर बुशिंग, म्हणजे नळी ज्यात सरकते ती आतली कडी, झिजलंय. बुशिंग बसवायला त्या मापाची खास हत्यारं लागतात, म्हणून मी लोअर (खालचे पाय) अख्खेच बदला म्हणतो. ते मिळत नसतील तर नवा चिमटा.

खोलायचा ठरला तर हवेचा दाब मोजून लिहून ठेवा आणि सगळी हवा सोडा. हवा असताना एकही बोल्ट सोडायचा नाही. रिबाउंडची (चिमटा किती वेगाने परत उसळतो ते ठरवणारी) चकती काढा, तळाचे दोन्ही बोल्ट तीन-चार फेरे सैल करा आणि त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोडीने टिचक्या मारा. आतला दांडा सुटला की बोल्ट काढून लोअर खाली ओढा. खाली ट्रे ठेवा. त्यात पडणारं तेल नीट बघा, सगळी गोष्ट तिथे कळते. नुसतं काळपट असेल तर सर्व्हिस लांबलेली आहे. तांबूस आणि बोटांत चोळल्यावर कचकचणारं असेल तर सीलमधून माती आत जाते आहे, आणि तीच माती नळीवरचा थर खरवडते.

चकचकीत नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नख वरून खाली फिरवा. एखादा बारीक टोचा असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची धार मोडता येते. नख अडकेल अशी उभी रेघ असेल किंवा थर उडून पट्टा पडला असेल तर नवे सील घालूनही तेल गळतच राहणार. पेट्रोल, रॉकेल रबराला लावू नका, सील फुगतात. सीलखालच्या फोमच्या रिंगा धुऊन तेलात भिजवा, नवे सील सरळ दाबून बसवा, तळाचे वॉशर नवे घाला. तेल किती आणि कोणतं, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. आजच्या हवेच्या चिमट्यात ते पायागणिक थोडे मिलिलिटरच असतं. जुन्या ओपन बाथ चिमट्यांत, म्हणजे आतले भाग तेलातच बुडालेले असतात त्यांत, बरंच जास्त लागतं. बोल्ट टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या) आवळा, मॅग्नेशियमचे आटे लगेच मरतात.

खांद्याला, वरच्या नळीला (खांद्यातून फ्रेममधून हँडलकडे जाणाऱ्या) किंवा एक्सलच्या टोकाला तडा दिसला तर विषय संपला. ट्रॉलर जोडणारे कसलेले वेल्डर आपल्याकडे आहेत, पण हे काम त्यांच्याकडेही न्यायचं नाही. जंपवरून खाली येताना खांदा तुटला तर तोंड जमिनीवर आपटतं.

नवा घेताना मापं जुन्यावरून काढा. वरची नळी सरळ २८.६ मिमीची की खाली ३८.१ मिमीपर्यंत रुंदावणारी, एक्सल २०×११० की १५×१००, चाक २६ इंची ना, डिस्क कितीची. १५×११० हेही माप बाजारात आहे, नुसतं "एकशेदहा" सांगून मागवू नका. ट्रॅव्हल, म्हणजे चिमटा जास्तीत जास्त दबतो ती लांबी, १०० मिमी पुरे. जास्त आहे म्हणून १४० चा घातला तर पुढचा भाग उचलला जातो, हँडल आळशी होतं आणि फ्रेमच्या गळ्यावर जोर येतो.

वरची नळी कापायला घाई नको. सगळं जोडून स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) वरच्या कडेवर खूण करा आणि तिच्या ३ मिमी खाली कापा. जुना स्टेम उलटा घालून आवळला की करवतीला सरळ आधार मिळतो. काप कानशीने घासा, स्टार नट (वरच्या झाकणाचा बोल्ट ज्यात बसतो तो) साधारण १५ मिमी आत ठोका. क्राउन रेस (खांद्यावर बसणारी हेडसेटची खालची कडी) बसवायला विसरू नका. मग वरचं झाकण खटखट जाईपर्यंतच आवळा, चाक सरळ करा आणि शेवटी स्टेमचे बोल्ट आलटून पालटून घट्ट करा. चिमटा धरतात ते हेच बोल्ट, झाकण नाही.

हवा शॉक पंपानेच भरा, पेट्रोल पंपावरच्या नळीने नाही. उभं राहिल्यावर चिमटा १० ते १५ मिमी बसला की सुरुवातीला ठीक. चकचकीत नळीवर रबरी रिंग नसेल तर सीलला टेकून झिप टाय बांधा. मोठ्या जंपवरही ती वर खांद्याजवळ जात नसेल तर थोडी हवा काढा, प्रत्येक वेळी ठोकर लागत असेल तर भरा. पहिल्या दिवशी परतल्यावर स्टेम आणि एक्सल पुन्हा तपासा. सायकल धुताना पॉवर वॉशचा फवारा सीलवर मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.