रुळांमधली खडी अखेर बसली
पुण्यातल्या आमच्या माळ्यावर मी खंडाळ्याच्या घाटातल्या रेल्वेची १:८७ प्रमाणातली छोटी प्रतिकृती उभारत आहे. रुळांमधल्या खडीवर पाणी मिसळलेला फेव्हिकॉल सोडला, की त्याचे थेंब मोत्यांसारखे वरच राहत आणि चहाच्या गाळणीने चाळून, ब्रशने बसवलेली खडी त्यांच्यासोबत तरंगत स्लीपरांवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, चढे. दोष फेव्हिकॉलचा नसून पाण्याच्या पृष्ठताणाचा होता. म्हणून भांड्यांच्या द्रवसाबणाचे दोन थेंब घातलेले पाणी दुरून धुक्यासारखे फवारून मी आधी खडी पूर्ण भिजवली आणि मगच निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल बिनसुईच्या सिरिंजने कडेने सोडला. तो लगेच आत झिरपला. गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र थेंबही जाऊ देऊ नये. माझी पात्यांची एक जोडी चिकटली आणि ती सोडवण्यात अख्खा रविवार गेला.