‘इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम’च्या सेमिस्टरआधी काय तयार ठेवाल

बीएस्सीला विद्युत आणि चुंबकत्वाचा पेपर आला की मुलं सगळ्यात आधी सूत्रांची वही करायला घेतात. ती वही महिनाभर बाजूला राहू द्या. या पेपरात सूत्रं मोजकीच असतात आणि त्यातली बरीचशी बारावीत पाहूनही झालेली असतात. घोडं अडतं ते दिशेपाशी. क्षेत्र कुठल्या बाजूला, पृष्ठाचा सदिश कुठे तोंड करून, धारा कागदाच्या आत जातेय की बाहेर येतेय, हे कळलं नाही तर पाठ केलेलं सूत्र हातात धरून बसावं लागतं. म्हणून ही यादी दिशेपासून सुरू होते, आकडे मागाहून.

सदिश सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच उरकायचे. डॉट आणि क्रॉस गुणाकार येतो, एवढ्याने भागत नाही. कोऱ्या कागदावर आरंभबिंदूपाशी २ नॅनोकूलोमचा प्रभार ठेवा आणि (३, ४) सेंटिमीटर या बिंदूवर क्षेत्र काढा. अंतर ५ सेंमी, क्षेत्र ७२०० न्यूटन प्रति कूलोम, इथवर सगळेच पोचतात. एकक सदिशाचे घटक ०.६ आणि ०.८, म्हणून क्षेत्राचे घटक ४३२० आणि ५७६०. आता तोच प्रभार उचलून (१, १) वर ठेवा आणि पुन्हा करा. गोंधळ इथे सुरू होतो, कारण आता सदिश (२, ३) घ्यायचा असतो आणि हात सवयीने (३, ४) लिहून मोकळा होतो. प्रभार कुठे आणि आपण क्षेत्र मोजतोय कुठे, हे दोन बिंदू वेगवेगळ्या रंगांनी दाखवायची सवय आत्ताच लावून घ्या. पुढे बायो-सावर्टच्या नियमात प्रभाराच्या जागी तारेचा तुकडा येतो, बाकी चित्र तेच.

कलनाचं फार दडपण घेऊ नका. पृष्ठ आणि आकारमानाचे छोटे तुकडे गोलीय आणि दंडगोलीय निर्देशांकांत लिहिता आले पाहिजेत, ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल म्हणजे काय हे चित्र काढून सांगता आलं पाहिजे. आणि एक संकलन तोंडपाठ हवं: अंशात डीएक्स, छेदात एक्स वर्ग अधिक ए वर्ग यांचा दीड घात. प्रभारित सरळ तारेचं विद्युतक्षेत्र काढताना हेच येतं, धारा वाहणाऱ्या सरळ तारेचं चुंबकीय क्षेत्र काढताना पुन्हा हेच. एकदा नीट केलं की दोन डेरिव्हेशन पदरात.

गाउसच्या नियमाला मात्र भरपूर वेळ द्या: बंद पृष्ठातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स (पृष्ठातून आरपार जाणाऱ्या क्षेत्राचं माप) आतल्या प्रभारावरूनच ठरतो. माझ्या मते अर्धा पेपर इथेच जिंकला किंवा घालवला जातो. हा नियम कुठल्याही बंद पृष्ठाला लागू असतो, पण त्यातून क्षेत्र काढता येतं ते फक्त गोल, लांब दंडगोल आणि पसरलेली सपाट पाटी अशी सममिती असेल तेव्हाच. हा फरक अंगवळणी पडलाय का, ते घनाच्या प्रश्नावरून कळतं. घनाच्या मध्यावर प्रभार असेल तर प्रत्येक बाजूतून जाणारा फ्लक्स एकूण फ्लक्सचा सहावा भाग, हे सममितीने एका ओळीत मिळतं. पण एका बाजूवर सगळीकडे क्षेत्र सारखं नाही, त्यामुळे फ्लक्सला क्षेत्रफळाने भागून क्षेत्र काढायला गेलात की संपलं. आता प्रभार घनाच्या कोपऱ्यात सरकवा. त्या कोपऱ्याभोवती तसेच आठ घन मांडता येतात, म्हणून आपल्या घनाच्या वाट्याला आठवा भाग. कोपऱ्याला चिकटलेल्या तीन बाजूंना क्षेत्र समांतर, तिथून फ्लक्स शून्य. उरलेल्या तीन बाजूंतून प्रत्येकी चोविसावा भाग. हे उत्तर पुस्तकात न बघता, समोरच्याला चित्र काढून समजावता आलं तर या मुद्द्यावर टिक करा.

त्याच बैठकीत वाहकाच्या पृष्ठाजवळचं क्षेत्र आणि प्रभारित पातळ पाटीचं क्षेत्र शेजारी शेजारी काढा. पहिलं सिग्मा (पृष्ठावरची प्रभार घनता) भागिले एप्सिलॉन नॉट (निर्वाताचा विद्युत स्थिरांक), दुसरं त्याच्या निम्मं. गाउसच्या नियमासाठी पाटीभोवती कल्पनेत घेतलेल्या डबीच्या दोन्ही झाकणांतून फ्लक्स बाहेर पडतो. वाहकात डबीचं एक झाकण धातूच्या आत असतं आणि तिथे क्षेत्रच नसतं. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो आणि ‘सर, दोनने भागायचं’ एवढ्यावर परीक्षक सोडत नाहीत.

विभवासाठी दोनच चित्रं पुरतात. एकात समान अंतरावर सारख्याच मूल्याचे एक धन आणि एक ऋण प्रभार: मधोमध विभव शून्य, क्षेत्र मात्र नाही. दुसऱ्यात दोन्ही धन: मधोमध क्षेत्र शून्य, विभव मात्र नाही. धारित्राच्या गणितात आधी बॅटरी जोडलेली आहे की काढलेली, ते अधोरेखित करा. जोडलेली असेल तर विभवांतर कायम, काढलेली असेल तर प्रभार कायम. किर्शॉफचे नियम येत असतील तर परिपथांवर जास्त दिवस घालवू नका, त्याचा सराव प्रॅक्टिकलमध्ये आपोआप होतो.

घरी थोडं सामानही हवं. साधा डिजिटल मल्टिमीटर, एक होकायंत्र, दोन-चार सेल, एक छोटं निओडिमियम चुंबक, आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळणारी इनॅमलची तांब्याची तार. १० किलोओहमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरडचं धारित्र एकसर जोडलं तर कालस्थिरांक बरोबर १ सेकंद येतो. धारित्र विसर्जित होताना दर सेकंदाला विभवांतर आधीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतं. मल्टिमीटरचा आकडा घसरताना पाहिला की तो आलेख डोळ्यांसमोरून हलत नाही. हे सगळं सेलवरच करायचं. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला हात लावायचा नाही, यावर चर्चा नको.

होकायंत्राचं काम अर्स्टेडने १८२० साली दाखवलं तेच. तार उत्तर-दक्षिण ठेवा, सुईच्या १ सेंमी वर. तारेतून १ अँपिअर धारा गेली की तिथे २० मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार होतं. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. भागाकार करून टॅन्जंट उलटा लावला की सुई साधारण २८ अंशांनी वळायला हवी. धारा सोडण्याआधी एवढं लिहून ठेवायचं, आणि सुई पूर्वेकडे वळेल की पश्चिमेकडे तेही. सेलला तार थेट लावाल तर सेल तापेल, म्हणून मध्ये छोटा रोध घ्या आणि धारा क्षणभरच सोडा.

हाताच्या नियमांपैकी एकच ठेवा. दहावीचा फ्लेमिंगचा डावा हात आता निवृत्त करा. क्रॉस गुणाकाराचा उजवा हात सगळीकडे चालतो, इलेक्ट्रॉन असेल तर शेवटी दिशा उलटवायची. परीक्षेत पेन उजव्या हातात असतं, म्हणून मुलं नकळत डाव्या हाताची बोटं वळवतात आणि सगळी उत्तरं उलटी येतात. पेन खाली ठेवायचं, मग हात उचलायचा.

अँपिअरच्या नियमासाठी ‘आत अडकलेली निव्वळ धारा’ हे शब्द मनात बसवा. घरातल्या डीबीमध्ये, म्हणजे विजेच्या वितरण पेटीत, आरसीसीबी (धारेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो याच शब्दांवर चालतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून जातात. जाणारी आणि परत येणारी धारा सारखी असेपर्यंत निव्वळ धारा शून्य, कड्यात फ्लक्स नाही. कुणाच्या अंगातून थोडी धारा जमिनीत गेली की हिशेब बिघडतो, कड्यात बदलता फ्लक्स येतो, तिसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज प्रवर्तित होतं आणि स्विच पडतो. घरगुती आरसीसीबीसाठी ही मर्यादा सहसा ३० मिलिअँपिअरची असते. अँपिअर आणि फॅरडे एकाच डबीत बसलेले इतके स्वच्छ क्वचितच दिसतात.

परतीची धारा जवळून परत आली नाही तर काय होतं, याचं उदाहरण कुलाब्याचं. तिथल्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी १८४१ पासून होत होत्या. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम अलिबागला हलवलं गेलं. अलिबागची वेधशाळा १९०४ साली सुरू झाली, ट्राम १९०७ साली धावली. ट्रामची धारा वरच्या तारेने येते, रुळांतून परतते आणि तिचा काही भाग जमिनीत पसरतो. तारा शेजारी असत्या तर त्यांची क्षेत्रं लांबवर एकमेकांना खाऊन टाकतात, इथे ते नीट होत नाही. कागदावर करून बघा: १०० अँपिअरची एकटी सरळ तार १ किमीवर २० नॅनोटेस्ला क्षेत्र देते, आणि अशा वेधशाळा नॅनोटेस्लामध्येच मोजतात.

लेन्झच्या नियमासाठी (प्रवर्तित धारा फ्लक्सच्या बदलाला विरोध करते) चुंबकाचा उत्तर आणि दक्षिण ध्रुव कड्याजवळ येताना आणि लांब जाताना, अशी चारही संयोगांची चित्रं काढा. फ्लक्स किती आहे ते विचारू नका, तो कसा बदलतोय ते विचारा. तांब्याचा पाइप मिळाला तर चुंबक त्यातून सोडून बघा. आणि मॅक्सवेलपर्यंत पोचलात की म्यू नॉट (निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक) आणि एप्सिलॉन नॉटचा गुणाकार करून वर्गमूळ काढा आणि उलटवा. कॅल्क्युलेटरवर प्रकाशाचा वेग स्वतः आणल्याशिवाय तो धडा संपवू नका.

प्रॅक्टिकलचं जर्नल दर आठवड्याला सही करून घ्या, शेवटच्या पंधरवड्यात सर सापडत नाहीत. टॅन्जंट गॅल्व्हानोमीटरला विचलन ४५ अंशांच्या आसपास ठेवा, तिथे चूक सगळ्यात कमी येते. वाचन झालं की परिपथातली प्लग-की काढून ठेवायची, नाहीतर वेटोळं तापतं. आणि मोबाइल टेबलावर नको, दप्तरात टाकून लांब ठेवा. त्याच्या स्पीकरमधल्या चुंबकाने सुई सरकते आणि मग शून्य का जमत नाही ते शोधण्यात अर्धा तास जातो.