जुन्या रायफलची नळी रिबोअर करताय? या चुका टाळा

झिजलेल्या किंवा गंजलेल्या नळीतलं जुनं रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा) रीमरने, म्हणजे छिद्र मोठं करणाऱ्या कापणीच्या हत्याराने काढायचं, छिद्र मोठं करायचं आणि त्यात नव्या खाचा कापायच्या, याला रिबोअर म्हणतात. बाहेरून रायफल तीच राहते. नळीचा आकार, तिच्यावरची जुनी अक्षरं, सगळं जागच्या जागी. जुन्या शस्त्रावर जीव असणाऱ्याला नवी नळी बसवण्यापेक्षा हा मार्ग आपला वाटतो, आणि तो योग्यही आहे. मात्र हे काम बहुधा मशीनवर बिघडत नाही. ते त्याआधीच, न मोजता घेतलेल्या निर्णयात बिघडलेलं असतं.

आत काळं दिसलं की नळी गेली असं समजणं

अनेकदा तो काळेपणा तांबं, शिसं आणि जळलेली दारू यांच्या वर्षानुवर्षांच्या थराचा असतो. आधी तांबं विरघळवणारं द्रावण वापरून नळी पूर्ण स्वच्छ करा. मग मऊ शिशाची गोळी आतून हळूच सरकवून तिचा व्यास मोजा. गोळी कुठे घट्ट जाते आणि कुठे सैल पडते, हे हाताला कळतं. खरा गंज असेल तर तो आता दिसेल. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचं जळून उरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं. हे मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून नियमित तेल दिलेल्या नळ्यासुद्धा आतून खड्डे पडलेल्या सापडतात.

नळीचं तोंडही तपासा. लिव्हर-ॲक्शन रायफल (खालचा दांडा ओढून काडतूस भरणारी) बहुतेक तोंडाकडूनच साफ केली जाते आणि गजाच्या घर्षणाने तिथलं रायफलिंग झिजतं. बाकी नळी चांगली असेल तर तोंड नव्याने घडवून काम भागतं, रिबोअरची गरजच उरत नाही.

जेमतेम मोठं कॅलिबर (नळी-काडतुसाचं माप) निवडणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नव्या बोअरचा (नळीच्या छिद्राचा) व्यास, म्हणजे खाचांमधल्या उंचवट्यांवर मोजलेला व्यास, जुन्या खाचांपेक्षा मोठा हवा आणि त्यात गंजाच्या खड्ड्यांची खोलीही धरायला हवी. .३०-३० या काडतुसाच्या नळीत खाचांचा व्यास ०.३०८ इंच. ती नळी .३२ विंचेस्टर स्पेशल या काडतुसासाठी केली तर नवा बोअर सुमारे ०.३१५ इंच. म्हणजे प्रत्येक बाजूला जुन्या खाचेच्या तळापासून जेमतेम ०.००३५ इंच धातू निघतो. खड्डा त्याहून खोल असेल तर तो नव्या उंचवट्यावर तसाच राहतो. पैसे जातात, नळी पुन्हा खराबच.

तीच नळी .३८-५५ या मोठ्या काडतुसासाठी केली तर जुनं सगळं निघून जातं. .३०-३० चं काडतूस मुळात .३८-५५ चं तोंड आवळूनच तयार झालं. बुडाचा आकार तोच असल्याने बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा भाग) आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामं कवच बाहेर ओढणारा आकडा) बदलावे लागत नाहीत. विंचेस्टरचं १८९४ चं मॉडेल तर सुरुवातीपासून .३८-५५ मध्येही बनत होतं, त्यामुळे काडतूस आत सरकण्याचीही अडचण नाही. .३०-०६ साठी .३५ व्हेलन हा असाच एकाच घराण्यातला पर्याय. वेगळ्या घराण्यातलं काडतूस निवडलं की नळीबरोबर सगळं यंत्रच बदलत बसावं लागतं.

जाडी चुकीच्या जागी मोजणं

.३०-३० वरून .३८-५५ ला जाताना खाचेच्या तळाशी नळीची भिंत प्रत्येक बाजूला सुमारे ०.९ मिलिमीटरने पातळ होते. नळीच्या मागच्या जाड भागात हे सहज खपतं. धोका असतो तो मागच्या साइटसाठी (नेम धरायच्या खुणेसाठी) कापलेल्या खाचेखाली. तिथे उरणारी जाडी मोजूनच निर्णय घ्या. नळीवर बाहेरून फुगवटा आणि आत काळी कडी दिसली, तर ती नळी रिबोअरला देऊच नका.

चेंबरचंही, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाचंही, तसंच. नवं चेंबर जुन्याला सर्व बाजूंनी गिळणारं हवं, नाहीतर झाडलेल्या कवचावर कडी उमटते आणि ते ओढताना अडकतं. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, गेजने तपासल्याशिवाय पहिली गोळी झाडू नका.

जुना शिक्का तसाच ठेवणं

मूळ अक्षरं जपण्याची ओढ मला कळते, तरी या बाबतीत तडजोड नको. नव्या .३८-५५ चेंबरमध्ये कुणी शिक्का वाचून .३०-३० भरलं तर ते आत जाईल आणि उडेलही. गोळी नळीत सैल धावेल, कवच फाटेल आणि वायू मागे येऊ शकेल. नवं कॅलिबर ठळक कोरा. परवान्यावरची नोंद आणि जिथे कायद्याने लागते तिथली दाबचाचणी काम सुरू होण्याआधीच विचारून घ्या. हे काम परवानाधारक कारागिराचंच आहे.

काम झाल्यावर काही बिनसलं तर

कागदावर छिद्रं लांबट पडली तर गोळी आडवी होऊन जाते आहे. गोळी खाचांपेक्षा बारीक आहे किंवा तिच्या लांबीच्या मानाने खाचांचा पीळ मंद आहे. जुन्या .३८-५५ नळ्यांसाठी १८ इंचांत एक फेरा हा नेहमीचा पीळ, त्यामुळे फार लांब गोळ्या तिथे स्थिर होत नाहीत. नळी तापल्यावर निशाण एका बाजूला सरकत असेल तर धातूतला ताण मोकळा झाल्याची शक्यता असते. निशाण फक्त वर किंवा खाली लागत असेल तर नळीला दोष देऊ नका. जड आणि संथ गोळीसाठी साइटची उंची बदलावीच लागते.

दुर्मिळ, मूळ स्थितीतल्या रायफलला मी रिबोअर सुचवणार नाही. तिथे आत नवी पातळ नळी बसवून मूळ कॅलिबर राखता येतं आणि .२२ रिमफायरसारख्या लहान कॅलिबरमध्ये ते काम फार चांगलं होतं.