महागडी दुर्बीण घेताना किंमत, मोल आणि सवलत कशी तोलावी

ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे उतरण्याचे वेध आणि दुकानांच्या सवलतींचा हंगाम, या दोन्ही गोष्टी दिवाळीच्या आगेमागे एकदमच येतात. त्यामुळे मन सर्वांत अधीर असते, नेमक्या त्याच वेळी जाहिराती सर्वांत मोठ्या अक्षरांत छापल्या जातात. ठाणे, ऐरोली, नेरूळ भागांतील पक्षीमित्र दरवर्षी विचारतात की अमुक दुर्बिणीवर एवढी सूट आहे, तर घेऊ का? मी प्रत्येक वेळी प्रश्नाचा क्रम बदलायला सांगतो. आधी आपल्याला कोणती दुर्बीण हवी ते ठरवावे, मग तिचा बाजारातला खरा भाव शोधावा आणि सवलतीकडे सर्वांत शेवटी पाहावे. हा क्रम उलटला की माणूस दुर्बीण विकत घेत नाही, सूट विकत घेतो.

दुर्बीण ठरवताना पहिला विचार जागेचा करावा. ऐरोलीहून भरतीच्या वेळी सुटणाऱ्या बोटीतून रोहित पाहणे आणि ठाण्यालगतच्या येऊरच्या झाडीत पहाटे स्वर्गीय नर्तक हा पक्षी शोधणे, ही दोन निराळी कामे आहेत. बोट हलते, हात हलतो, आणि दुर्बीण जितक्या अधिक पटींनी मोठे दाखवणारी तितकी ती थरथर डोळ्यांपर्यंत अधिक मोठी होऊन पोहोचते. म्हणून खाडीसाठी १० पटींपेक्षा ८ पटींची दुर्बीण बहुतेकांना सुखाची वाटते, जरी दुकानात १० हा आकडा अधिक भारदस्त दिसला तरी. काठावर उभे राहून, तिपाईवर दुर्बीण बसवून दूरच्या चिखलावरचे तुतवार पक्षी ओळखायचे असतील, तर मात्र १० पटींना अर्थ आहे. ८×४२ मधला ४२ हा आकडा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास सांगतो. त्याला ८ ने भागले की ५.२५ येतात, आणि डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास तेवढा असतो. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडलेली असते, त्यामुळे दिवसा ८×३२ सुद्धा पुरते. येऊरच्या दाट सावलीत किंवा सूर्यास्तानंतर मात्र ४२ चा फरक जाणवतो. वय वाढते तशी अंधारातही बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, म्हणून साठीच्या पुढच्या वाचकांनी ५६ मिलिमीटरच्या जड दुर्बिणीवर पैसे घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आता जास्तीचा पैसा नेमका कशात जातो, ते पाहू. दुर्बिणीच्या प्रत्येक नळीत अनेक भिंगे आणि लोलक (प्रिझम) असतात. काचेचा पृष्ठभाग बिनलेपाचा असला तर तिथे सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. असे दहा पृष्ठभाग एकामागोमाग आले की जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाटेतच संपतो. परावर्तन रोखणारा लेप झाइस कंपनीत १९३५ साली विकसित झाला आणि आज चांगल्या दुर्बिणीत प्रत्येक पृष्ठभागावर अनेक पदरी लेप असतो. ‘लेप असलेली भिंगे’ आणि ‘सर्व पृष्ठभागांवर बहुपदरी लेप’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे आणि खोक्यावरील मजकूर त्यासाठी बारकाईने वाचावा. सरळ नळ्यांच्या, म्हणजे रूफ लोलकाच्या दुर्बिणीत प्रकाशाचे दोन भाग किंचित वेगळ्या कलेने (फेजने) बाहेर पडतात आणि प्रतिमेची धार बोथट होते. ते दुरुस्त करणारा कला-सुधारक लेप १९८८ च्या सुमारास आला. रूफ लोलकाची दुर्बीण त्याशिवाय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापुढे ईडी काच, म्हणजे रंग कमी विखुरणारी काच येते. ती नसेल तर उजळ आभाळापुढे बसलेल्या काळ्या पक्ष्याच्या कडेने जांभळी किंवा हिरवी किनार दिसते. छोट्या रोहिताची गडद चोच आणि मोठ्या रोहिताची गुलाबी, काळ्या टोकाची चोच लांबून वेगळी काढायची असेल, तर रंगांची ही शुद्धता खरोखर उपयोगी पडते.

मात्र पैसा दुप्पट केला म्हणून पक्षी दुप्पट स्पष्ट दिसत नाही. दहा हजारांच्या दुर्बिणीवरून चाळीस-पन्नास हजारांच्या दुर्बिणीवर येताना होणारा आनंद मोठा असतो. तिथून दोन लाखांच्या पुढे जाणाऱ्या स्वारोव्स्की, झाइस किंवा लायका या कंपन्यांच्या वरच्या श्रेणीपर्यंत जाताना मिळणारा फरक खरा असला, तरी बारीक असतो. दृश्याची रुंदी वाढते, कडेपर्यंत चित्र सपाट आणि स्वच्छ राहते, तासन्‌तास पाहूनही डोळे शिणत नाहीत. जो माणूस वर्षातून शंभर सकाळी खाडीवर काढतो त्याला या गोष्टींचे मोल आहे. जो हंगामात तीनदा जातो, त्याच्यासाठी तोच पैसा भरतपूरच्या किंवा कच्छच्या प्रवासात अधिक फळ देईल. शिवाय एप्रिल-मेच्या दुपारी चिखलपट्ट्यांवरची तापलेली हवा अशी थरथरते की त्या वेळी महागड्या आणि मध्यम अशा दोन्ही दुर्बिणींतून सारखेच धूसर दिसते. तिथे काच नव्हे, सकाळी लवकर उठणे उपयोगाचे ठरते.

खरेदीपूर्वी दुर्बीण हातात घेऊन पाहणे अटळ आहे. मुंबईत फोर्टमधल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांपर्यंत जाण्याचे कष्ट घ्यावेत, किंवा पक्षीनिरीक्षणाच्या सहलीत सोबत्यांच्या दुर्बिणी दोन-दोन मिनिटे मागून पाहाव्यात. दुसरा मार्ग मला अधिक खात्रीचा वाटतो, कारण तिथे समोर दुकानाचे दिवे नसतात, खरा पक्षी असतो. दुर्बीण हातभर अंतरावर उजळ भिंतीकडे धरली की नेत्रिकेत, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगात, प्रकाशाचे वर्तुळ दिसते. ते पूर्ण गोल असावे. कडा राखी आणि चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या, तर लोलक हलक्या प्रतीच्या काचेचे असण्याची शक्यता मोठी. मग समोरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कडा पाहत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर मागे न्यावी. दोन्ही नळ्यांत ती रेषा एकाच उंचीवर राहिली पाहिजे. चष्मा असेल तर चष्म्यासकट पाहावे आणि नेत्रिकेपासून डोळ्यापर्यंतचे अंतर किमान १६ मिलिमीटर असल्याची खात्री करावी.

एवढे झाल्यावर सवलतीकडे वळावे. समजा, छापील किंमत ८०,००० रुपये आहे आणि ‘४० टक्के सूट’ देऊन दुर्बीण ४८,००० ला मिळते. आपण दोन-तीन महिने भाव टिपून ठेवला असेल आणि ती एरवीही ५०,००० लाच विकली जात असेल, तर खरी सूट २,००० म्हणजे ४ टक्के एवढीच. छापील किमतीशी तुलना करू नये, नेहमीच्या विक्रीभावाशी करावी. तिपाई, पिशवी, पुसण्याचे साहित्य अशा भेटवस्तूंची किंमत विक्रेता सांगेल ती धरू नये. ती वस्तू आपण स्वतःहून किती रुपयांना घेतली असती, तेवढीच धरावी, आणि घेतलीच नसती तर शून्य धरावी.

‘विनाव्याज हप्ता’ या शब्दांबाबत विशेष सावध राहावे. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच शून्य टक्के व्याजाच्या योजनांमधील छुप्या व्याजाकडे बँकांचे लक्ष वेधले होते. क्रेडिट कार्डावर बहुधा बँक व्याज आकारते, विक्रेता तेवढी रक्कम आधीच वजा करून दाखवतो आणि व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या माथी राहते. रोखीने तीच दुर्बीण ४७,००० ला आणि हप्त्यांनी ५०,००० ला मिळत असेल, तर ते ३,००० रुपये व्याजच होय. ‘फक्त आजच्या दिवशी’, ‘शेवटचे दोन नग’ अशी खोटी घाई लावणे हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणारी पद्धत ठरते. तशी तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

सर्वांत मोठी सूट बहुधा अनधिकृत आयातीच्या मालावर असते, आणि तिथे मी स्वतः फसलो आहे. भावात बरीच तफावत दिसली म्हणून एका दुकानातून दुर्बीण घेतली. खोक्यावर आयातदाराचे नाव नव्हते, ते मी पाहिलेच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एका नळीत आतून वाफ धरली, आणि कंपनीच्या येथील प्रतिनिधीने हमी लागू नसल्याचे सांगितले. आवेष्टित आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि सर्व करांसह किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तो मजकूर नसेल तर सूट कितीही असो, ती दुर्बीण दुकानातच ठेवून द्यावी. आपल्याकडच्या दमट हवेत आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेली, हवाबंद दुर्बीणच घ्यावी. सूट म्हणून मिळणाऱ्या रकमेपेक्षा हा गुण मोठा आहे.

हमी किती वर्षांची हे विचारताना दुरुस्ती भारतात होते की परदेशात, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, आणि हमी पहिल्या खरेदीदारापुरती आहे की पुढच्या मालकालाही चालते, हे लेखी मागून घ्यावे. शेवटचा मुद्दा पुनर्विक्रीच्या वेळी पैशांत उतरतो, म्हणून बिलावर दुर्बिणीचा अनुक्रमांक लिहिलेला आहे ना, हे दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी ताडून पाहावे आणि बिलाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे.