टीम ऑर्डर: दोन गाड्या, एक पिट बॉक्स आणि ५८ माणसं

टीम ऑर्डर म्हणजे आपल्याच दोन गाड्यांपैकी पुढे कोणी राहायचं, याचा टीमनं दिलेला हुकूम. फॉर्म्युला वनमध्ये इंजिनिअर किंवा स्ट्रॅटेजिस्ट (डावपेच आखणारा) व्हायचं असेल, तर ‘टीम ऑर्डर म्हणजे फसवणूक’ हा चाहत्यांचा वाद आधी बाजूला ठेवा. पिट वॉलवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेला डावपेच आखणारे बसतात तिथे, तो निव्वळ हिशेबाचा मामला असतो. टीमच्या गाड्या दोन, त्यांना मिळून पिट बॉक्स (टायर बदलायला थांबायची जागा) एक, आणि दोघींचे गुण कन्स्ट्रक्टर्सच्या, म्हणजे टीमच्या, एकाच खात्यात. एकाच लॅपला (फेरीला) दोघी लगोलग टायर बदलायला आल्या की एकीचा खोळंबा होणारच. म्हणजे ‘आधी कोण’ हे दर शर्यतीत कुणीतरी ठरवतंच. त्यातलं जे टीव्हीवर दिसतं त्यावर ओरड होते, एवढंच.

नियमाचा इतिहास छोटा आहे. २००२ मध्ये ऑस्ट्रियात फेरारीच्या बारिकेलोनं अगदी शेवटच्या सरळ पट्ट्यात शूमाकरला पुढे सोडलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि २००३ पासून निकालात ढवळाढवळ करणाऱ्या टीम ऑर्डरवर बंदी आली. २०१० मध्ये हॉकेनहाइमला फेरारीच्याच मासाला जोडीदार फर्नांडो अलोन्सोबद्दल रेडिओवर फक्त ‘फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे’ एवढंच सांगितलं गेलं, आणि त्यानं वाट दिली. फेरारीला १ लाख डॉलर दंड झाला, पण साध्या वाक्यात लपवलेला हुकूम पकडायचा कसा, हा प्रश्न उरलाच. २०११ पासून बंदी उठली. मात्र २००८ च्या सिंगापूरसारखा मुद्दाम घडवलेला अपघात तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे.

आता प्रत्यक्ष काम. रूढ पद्धत अशी, की पुढच्या गाडीला पिटची पहिली संधी. ताज्या टायरवर पहिली लॅप बरीच वेगवान जाते, त्यामुळे मागच्याला आधी बोलावलं तर तो आपल्याच जोडीदाराला अंडरकट करतो, म्हणजे आधी टायर बदलून त्याच्या पुढे निघतो. २०२४ च्या हंगेरी शर्यतीत मॅक्लारेननं मागून येणाऱ्या धोक्यापायी नॉरिसला पियास्त्रीच्या दोन लॅप आधी आत घेतलं. नॉरिस पुढे निघाला, मग जागा परत देण्यासाठी रेडिओवर लांबलचक मनधरणी चालली. ७० पैकी ६८ व्या लॅपला त्यानं वाट दिली. चूक आत घेण्यात नव्हती. ‘कोणत्या लॅपपर्यंत जागा परत’ हे बोलावतानाच सांगायला हवं होतं. ‘तुझ्या सोयीनं दे’ असं आघाडीवरच्या ड्रायव्हरला सांगाल, तर ती सोय कधीच होत नाही.

२०२५ च्या मोंझात उलटा पेच आला. नॉरिस पुढे असूनही पियास्त्रीला आधी बोलावलं, ‘अंडरकट होणार नाही’ या बोलीवर. मग नॉरिसचा थांबा व्हील गनच्या (चाकाचा नट काढायच्या यंत्राच्या) घोळात ५.९ सेकंदांचा झाला आणि पियास्त्री पुढे गेला. जागा परत मागितली, त्यानं कुरकुर करत दिली. संथ पिटस्टॉप हा शर्यतीचाच भाग, हे त्याचं म्हणणं आमच्या मते रास्त होतं. पण बोलीत हा अपवाद घातलेला नव्हता. अपवाद शर्यतीआधी कागदावर लिहा: थांबा बिघडला तर काय, सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांचा वेग कमी ठेवणारी गाडी) आली तर काय.

अदलाबदल करायची तर सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेकिंगआधी. पुढच्यानं थोडा आधी पाय उचलायचा. वळणात केली तर दोघांचाही वेळ जातो. तिसरी गाडी दीड-दोन सेकंदांवर असेल तर नादच सोडा. आणि परतीची अट विसरू नका: पुढे सोडलेल्याला समोरचा गाठता आला नाही, तर जागा परत. २०१७ मध्ये हंगेरीत मर्सिडीजच्या हॅमिल्टननं जोडीदार बोटासला शेवटच्या वळणावर ती परत दिली, मागे व्हर्स्टापेन आलेला असतानाही. उलट २०१३ मध्ये सेपांगला ‘मल्टी २१’ म्हणजे दोन नंबरची गाडी एक नंबरच्या पुढे, असा रेड बुलचा संकेत ठरलेला असून एक नंबरच्या फेटलनं दोन नंबरच्या वेबरला मागे टाकलं. रेडिओवरून स्टिअरिंग फिरवता येत नाही.

आणि हे सगळं करायला माणसं मोजकी. २०२५ च्या नियमांनुसार गाड्या चालवण्याशी संबंधित फक्त ५८ जणांना टीम ट्रॅकवर आणू शकत होती. पाहुणचार, मार्केटिंग, प्रसिद्धी, सुरक्षा, ट्रकचालक वेगळे. त्यामुळे पिटस्टॉपसाठी वेगळं पथक नसतं, गाडी जोडणारे मेकॅनिकच हेल्मेट घालतात. प्रत्येक चाकाला तिघे, म्हणजे बारा. शिवाय पुढचा-मागचा जॅक, दोन्ही बाजूंनी गाडी धरणारे, पुढच्या विंगपाशी दोघे, सोडण्याचा इशारा देणारा. एकूण वीसच्या आसपास. तीच माणसं काही सेकंदांत दुसरी गाडी घेतात, याला डबल स्टॅक म्हणतात. थांबा अडीच सेकंदांचा, तरी दोन गाड्यांत पाच-सहा सेकंदांचं अंतर नसेल तर मागची उभी राहते. २०२० च्या साखीर शर्यतीत मर्सिडीजचा रेडिओ ऐन वेळी दगा देऊन गेला, टायर घेऊन उभ्या असलेल्यांपर्यंत संदेश नीट पोचला नाही आणि बोटासचे पुढचे टायर रसेलच्या गाडीला लागले. रसेलला पुन्हा आत यावं लागलं, वर टीमला दंड.

नवख्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे: पहिली नोकरी ट्रॅकवर मिळेल ही आशा धरू नका. कारखान्यातल्या ऑपरेशन्स रूममध्ये (शर्यतीला दुरून मदत करणाऱ्या खोलीत) बसणारे या ५८ मध्ये धरले जात नाहीत, म्हणून नवे स्ट्रॅटेजी इंजिनिअर बहुधा तिथूनच सुरुवात करतात. तिथे लागतं पायथन, संख्याशास्त्र आणि घाईत एका वाक्यात बोलण्याची सवय. पुण्यातल्या कॉलेजांच्या ज्या टीम कोइंबतूरला फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसिंग स्पर्धेला जातात, त्यांनी निदान एकाला फक्त वेळनोंदी आणि रेडिओवर बसवावं.

घरी सरावाला एखादी जुनी शर्यत घ्या. लॅप टाइम एका तक्त्यात भरा, जोडीदारांमधलं आणि तिसऱ्या गाडीपर्यंतचं अंतर दर लॅपला काढा. कोणत्या लॅपला हुकूम दिला असता ते आधी लिहा, मगच टीमचा रेडिओ ऐका. हुकूमही लिहून काढा, आणि दहा शब्दांत बसेना तर खोडून पुन्हा.